फेलोशिप निवडताना आणि तिची वाट बघताना: मराठवाड्यातल्या नव्या संशोधकांसाठी

पीएच.डी.ला लागलेला किंवा लागू पाहणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "कोणती फेलोशिप जास्त पैसे देते?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी सोयाबीनच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरतो, त्याला महिन्याचा आकडा आधी बघावाच लागतो. पण अंबाजोगाईहून विद्यापीठात आल्यापासून या सगळ्या कागदी वाटेवरून मी स्वतः गेले आहे. वसतिगृहात एकाच वर्षी निवड झालेल्या दोघींपैकी एकीच्या खात्यात पैसे वेळेवर येताना आणि दुसरी उसनवारीवर दिवस काढताना मी जवळून पाहिलं. दोघींची रक्कम सारखीच होती. फरक होता तो तारखांचा: फेलोशिप कोणत्या दिवसापासून मोजली गेली, कागद कधी गेले, कुणाच्या टेबलावर थांबले. म्हणून या लेखात आकड्यांपेक्षा तारखांबद्दल जास्त सांगितलं आहे.

१. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते आधी ठरवा

सगळ्या फेलोशिपच्या मागे धावलात तर एकही अर्ज धड होत नाही. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात.

पहिली वाट राष्ट्रीय परीक्षेची. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हिच्यातून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), आणि विज्ञान विषयांसाठी सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद)-यूजीसी नेटची जेआरएफ. यूजीसी जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची आहे. महिला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५ वर्षांची सवलत मिळते. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. यातला पहिला गटच फेलोशिपचा. बाकी दोन गटांचे गुण पीएच.डी. प्रवेशात ७० टक्के वजनाने धरले जातात, उरलेले ३० टक्के मुलाखतीचे, आणि तेही एक वर्षापुरतेच. "नेट झालं, आता पैसे येतील" असं घरी सांगण्यापूर्वी आपला गट नीट बघा.

दुसरी वाट राज्याच्या संस्थांची. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. इथे आधी पीएच.डी.ची नोंदणी हातात लागते. नेटमध्ये परीक्षा आधी आणि प्रवेश नंतर चालतो. इथे क्रम उलटा. हा क्रम डोक्यात पक्का बसला की निम्मा गोंधळ जातो.

तिसरी वाट विशिष्ट योजनांची, आणि आपल्याकडे ती सगळ्यांत कमी वापरली जाते. विज्ञानात एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिले आला असाल तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप आहे. त्यासाठी परीक्षा विभागाचं क्रमांक प्रमाणपत्र लागतं आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाही. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल, भाऊ-बहीण कुणी नसेल, तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. तिला नेटची अट नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्रवाल्यांसाठी आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप आहे. आपल्या भागातल्या कितीतरी हुशार मुलींना यातल्या पहिल्या दोन योजनांची नावंही माहीत नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. विभागाच्या फलकावर या गोष्टी लागतीलच असं नाही. स्वतः शोधा आणि मागच्या वर्गातल्या पोरींनाही सांगा.

२. तुलना करताना पाच रकाने आखा

वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक फेलोशिपसाठी पाच गोष्टी लिहा: मासिक रक्कम, घरभाडे भत्ता, आकस्मिक खर्च (पुस्तकं, क्षेत्रकार्य वगैरेंसाठीचे पैसे), एकूण मुदत, आणि मोजणीची तारीख.

मासिक रक्कम. यूजीसीची सुधारित जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. पाचही वर्षं पूर्ण मिळाली तर निव्वळ फेलोशिपचे २४ लाख रुपये होतात. आयसीएसएसआरचे महिन्याला २०,००० आणि मुदत दोन वर्षांची, म्हणजे एकूण ४ लाख ८० हजार. पंतप्रधान संशोधन फेलोशिपचा आकडा सगळ्यांत मोठा: पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढची दोन वर्षं ८०,०००, वर संशोधनासाठी वर्षाला २ लाख. पण ती आयआयटी, आयआयएससी, आयसर अशा ठरावीक संस्थांमध्येच मिळते. त्यासाठी घर सोडून जायची तयारी असेल तरच त्या पानावर तिला जागा द्या. राज्याच्या संस्था यूजीसीच्या धर्तीवर रक्कम ठरवतात. तरी तुमच्या वर्षाच्या जाहिरातीत जो आकडा आणि जी टक्केवारी लिहिली असेल तीच धरा. मागच्या तुकडीच्या दादाला काय मिळालं त्यावरून स्वतःचा हिशेब मांडू नका.

घरभाडे भत्ता. इथे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचा मोठा फरक पडतो. केंद्र सरकार शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे वर्ग करतं. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड-वाघाळा वाय वर्गात आहेत. परभणी, लातूर, बीड, जालना, हिंगोली, धाराशिव झेडमध्ये. वायचा दर झेडच्या दुप्पट असतो. तुमचं संशोधन केंद्र विद्यापीठाच्या विभागात आहे की तालुक्याच्या महाविद्यालयात, यावर भत्ता ठरतो. दुसरी अट जास्त महत्त्वाची: वसतिगृहात राहत असाल तर हा भत्ता मिळत नाही, आणि वसतिगृह देऊ केलेलं असताना ते नाकारून बाहेर खोली केली तरी यूजीसीच्या नियमात हक्क जातो. खोली करण्याआधी वसतिगृह उपलब्ध नसल्याचं पत्र विद्यापीठाकडून घेऊन ठेवा.

आकस्मिक खर्च. यूजीसीत मानव्य व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५००. विज्ञानाला १२,००० आणि पुढे २५,०००. क्षेत्रकार्य असेल, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मागे कोयत्याच्या हंगामात फिरायचं असेल किंवा वेरूळ-पितळखोऱ्याला वारंवार जायचं असेल, तर ही रक्कम पुरत नाही. तशा वेळी आयसीएसएसआरचे आकस्मिक खर्चाचे वर्षाला २०,००० पहिल्या वर्षापासून मिळतात, हे ध्यानात असू द्या.

मुदत. यूजीसीची फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि प्रबंध आधी सादर झाला तर तिथेच ती थांबते. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची; महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत. याचा अर्थ शेवटचं वर्ष बिनपैशाचं जाऊ शकतं. तुलना करतानाच ते लिहून ठेवा.

मोजणीची तारीख. हा रकाना रिकामा ठेवू नका. यूजीसी जेआरएफमध्ये निवडीची आणि तुम्ही प्रत्यक्ष रुजू झाल्याची, या दोनपैकी जी तारीख नंतरची, ती धरली जाते. राज्याच्या योजनांत हा मुद्दा वर्षानुवर्षं वादाचा राहिला आहे: नोंदणीच्या दिवसापासून द्यायची की निवड यादीच्या दिवसापासून, यावर विद्यार्थ्यांनी उपोषणं केली आहेत. नोंदणी आणि निवड यांत दीड वर्षाचं अंतर पडलं तर महिन्याला ३७,००० प्रमाणे हिशेब करून बघा, साडेसहा लाखांहून जास्त फरक येतो. जाहिरातीत यासंबंधीचं वाक्य शोधा. सापडलं नाही तर संस्थेला मेल करून विचारा आणि उत्तर छापून ठेवा.

३. कागद निकालाआधी गोळा करा

निकाल लागल्यावर कागद जमवायला निघणारे सगळेच एका वेळी सेतू केंद्रावर येतात. त्यात मार्च-एप्रिल असेल तर उत्पन्नाचे दाखले मागणाऱ्यांचीही भर पडते. म्हणून खालची यादी आजच तपासा:

- दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं
- रहिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचं (नॉन क्रीमिलेअर) प्रमाणपत्र, राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन्ही नमुन्यांत
- आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, लागू असेल तर
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- पीएच.डी. नोंदणीचं पत्र, विषय मान्यतेचं पत्र, कोर्सवर्कची गुणपत्रिका
- मार्गदर्शकांचं आणि संशोधन केंद्राचं शिफारसपत्र, बोनाफाईड
- आधार, आणि आधारशी जोडलेलं राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातं
- नोकरी करत नसल्याचं आणि दुसरी फेलोशिप घेत नसल्याचं हमीपत्र

यातल्या काही कागदांबद्दल सविस्तर सांगायला हवं.

जातीच्या दाखल्याचा गोंधळ सगळ्यांत जास्त होतो. राज्याची आणि केंद्राची यादी वेगळी आहे. राज्यात वंजारी भटक्या जमाती-ड मध्ये, धनगर भटक्या जमाती-क मध्ये, बंजारा विमुक्त जाती-अ मध्ये. केंद्राच्या यादीत हे तिन्ही इतर मागासवर्गात येतात. नेटचा अर्ज भरताना 'भटक्या जमाती' असा पर्यायच दिसत नाही. तेव्हा घाबरून खुला प्रवर्ग निवडू नका. केंद्राच्या नमुन्यातलं इतर मागासवर्ग-नॉन क्रीमिलेअर प्रमाणपत्र काढा. मराठा समाजाचं २०२४ चं १० टक्के आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्राच्या परीक्षेला कुणबी नोंद असेल तर इतर मागासवर्ग, नसेल आणि निकषात बसत असाल तर आर्थिक दुर्बल घटक. नेटचा अर्ज भरताना अनुसूचित जाती किंवा इतर मागासवर्गाच्या राष्ट्रीय फेलोशिपविषयीचा रकाना दिसला, तर तो न वाचता पुढे जाऊ नका.

जात वैधतेला वेळ लागतो आणि मराठवाड्यात जरा जास्तच लागतो, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुने महसुली कागद उर्दूत, काही मोडीत. पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा हवा हे ठरलेलं आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश-निर्गम उतारा हा सगळ्यांत खात्रीचा कागद. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा गटशिक्षण कार्यालयात असतं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहणीपत्रक, खासरा पत्रक शोधा. वडिलांकडचं सख्खं-चुलत कुणी वैध ठरलं असेल तर त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं.

नावाचा मेळ हाही मोठा विषय. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर ते शेवटी, बँकेत कधी वडिलांचं नावच गळालेलं. लग्न झालेल्या मुलींचं तर तीन ठिकाणी तीन नावं असतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तिथे हा फरक महिनोन्महिने रक्कम अडवतो. राजपत्रात नावबदल करून घ्या किंवा सगळीकडे दहावीचंच नाव चालू ठेवा. माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग सोपा. तसंच, जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी नावं असतील. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करत बसू नका. पत्ता भरताना मात्र आधारवर जसं आहे तसंच भरा.

हमीपत्रासाठी मुद्रांक लागणार असेल तर एक लक्षात घ्या: ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० च्या मुद्रांकांऐवजी बहुतेक कामांना ५०० चा लागतो. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी त्यासाठी ५०० चा बाँड आणायला लावला तर नम्रपणे हे सांगा.

४. अर्ज भरताना

जाहिरात पहिल्यांदा वाचताना पेन हातात घ्या. कट-ऑफ तारीख कशाची आहे ते अधोरेखित करा: नोंदणी कोणत्या तारखेच्या आत हवी, वय कोणत्या तारखेला मोजणार, दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा. नॉन क्रीमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिलमध्ये अर्ज करणारे जुनं प्रमाणपत्र जोडतात आणि बाद होतात.

शेवटच्या दिवशी भरू नका. भरलेल्या अर्जाची पीडीएफ, पैसे भरल्याची पावती आणि अर्ज क्रमांक स्वतःला मेल करून ठेवा. मोबाईल हरवतो, नेट कॅफेवाला दादा फाईल पुसतो, मेल टिकतो. छापील प्रत टपालाने मागितली असेल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीत चिकटवा.

५. निकालाची वाट बघताना

इथे धीर सुटतो. जून २०२४ ची यूजीसी नेट १८ जूनला झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. पुन्हा परीक्षा ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालली आणि निकाल १७ ऑक्टोबरला आला. राज्याच्या निवडीतही चाळणी परीक्षा, आक्षेप, कागदपत्र तपासणी, शासन निर्णय असे टप्पे असतात आणि प्रत्येकाची तारीख पुढे सरकू शकते. म्हणून 'या महिन्यात येईल' असं धरून खोलीचं भाडं, बहिणीच्या लग्नाचा खर्च किंवा ट्रॅक्टरचा हप्ता ठरवू नका. घरच्यांनाही तारीख सांगू नका, टप्पा सांगा: "आई, अर्ज तपासणीत आहे, त्यानंतर यादी लागेल, मग कागद बघतील." घरी टप्पा कळला की रोजचा "आले का पैसे?" हा प्रश्न कमी होतो आणि तुमचाही जीव हलका राहतो.

उत्तरतालिका आली की त्याच आठवड्यात ती तपासा. आक्षेपाची मुदत थोडे दिवसच असते आणि प्रत्येक प्रश्नाला शुल्क लागतं. खात्री असलेल्या प्रश्नांवरच आक्षेप घ्या, पण तिथे मात्र पैसे वाचवू नका.

या काळात पोट चालवायचं कसं? विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे. तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवता येतं. लातूर, नांदेडात शिकवणी वर्गांत काम मिळतं. जे काही कराल त्याची सुरुवातीची आणि शेवटची तारीख असलेलं पत्र घ्या, त्याचं कारण सातव्या टप्प्यात येईल. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या नादाला मात्र अजिबात लागू नका. फेलोशिप उशिरा येते, त्यांचं व्याज उशीर करत नाही. अडचण आलीच तर मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना मोकळेपणाने सांगा. त्यांच्यापैकी बहुतेकांनी हेच दिवस काढलेले असतात.

आणि संशोधन थांबवू नका. साहित्याचा आढावा, प्रश्नावली, मराठी-उर्दू साधनांची सूची ही बिनखर्चाची कामं याच काळात उरका. पुढे सहामाही अहवालात हेच कामाला येतं.

६. निवड झाल्यापासून पहिल्या रकमेपर्यंत

यूजीसी जेआरएफचं पत्र निकालानंतर तीन वर्षं चालतं. तेवढ्या काळात पीएच.डी.ला प्रवेश घेऊन रुजू व्हायचं असतं. तीन वर्षं भरपूर वाटतात, पण आपल्याकडे प्रवेशाची जाहिरात, मार्गदर्शकांकडच्या रिकाम्या जागा, विषय मान्यता समितीची बैठक यात एक वर्ष सहज जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्हींकडच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. एकाच विद्यापीठावर अडून बसू नका.

प्रवेश झाला की रुजू अहवाल लगेच द्या. तो मार्गदर्शक, विभागप्रमुख किंवा प्राचार्य आणि मग विद्यापीठाचा पीएच.डी. विभाग असा वर जातो. महाविद्यालयातलं संशोधन केंद्र असेल तर फाईलला दोन कार्यालयं पार करावी लागतात आणि मधल्या प्रवासात ती कुठेही थांबू शकते. प्रत्येक वेळी आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तरी "सर, पोच द्या ना" एवढं म्हणायला लाजू नका. पुढे कधी वाद झाला तर ही पोच हाच तुमचा साक्षीदार.

विद्यापीठात या कामाला 'मेकर' आणि 'चेकर' असे दोन जण असतात. मेकर तुमची माहिती फेलोशिपच्या पोर्टलवर भरतो, चेकर मंजूर करतो आणि मग बँकेतून रक्कम निघते. हे एकदाचं काम नाही. दर महिन्याला तुम्ही हजर आहात असं त्यांनी पोर्टलवर नोंदवावं लागतं. एका महिन्याची नोंद राहिली तर त्या महिन्याचे पैसे थांबतात. ही दोन माणसं कोण, कोणत्या खोलीत बसतात, त्यांची रजा केव्हा असते, हे रुजू झाल्याच्या आठवड्यातच माहीत करून घ्या. त्यांच्याशी आदराने वागा. त्यांच्याकडे शेकडो विद्यार्थी असतात. आपला संच नीट, क्रमाने लावलेला असला की आपलं काम आधी होतं, हा माझा पक्का अनुभव.

७. दोन फेलोशिप एकदम लागल्या तर

चांगली वेळ, पण धोक्याची. एका वेळी एकच घेता येते, आणि पगारासोबतही नाही. दोन्हींची रक्कम एका दिवसासाठीही एकत्र आली तर वसुली निघते. म्हणून:

पहिलीचा राजीनामा महिन्याच्या शेवटच्या तारखेपासून लागू करा आणि दुसरीत पुढच्या महिन्याच्या १ तारखेला रुजू व्हा. राजीनाम्याची पोच आणि 'येणे बाकी नाही' असं पत्र घेतल्याशिवाय नवीन रुजू अहवाल देऊ नका. पहिलीत घेतलेला काळ दुसरीच्या पाच वर्षांतून वजा होणार का, हे लेखी विचारा. तासिका तत्त्वाचं काम चालू असेल तर कार्यमुक्तीचं पत्र रुजू होण्याच्या आधीच्या तारखेचं हवं. पाचव्या टप्प्यात पत्र घ्या म्हटलं ते यासाठी.

निवड कोणाची करायची? माझा कल नियमित येणाऱ्या पैशाकडे. दोन्हीकडे रक्कम सारखीच असेल तर त्या योजनेच्या आधीच्या तुकडीतल्या चार-पाच जणांना विचारा, शेवटची रक्कम कधी आली. कुणबी नोंद असलेल्यांनी सारथी आणि महाज्योती या दोन्ही जाहिरातींतल्या लक्ष्य गटाच्या अटी समोरासमोर ठेवून वाचाव्यात. लाभ एकाच संस्थेकडून घेता येतो.

८. पैसे अडकले तर

आधी कुठे अडकले ते शोधा. विद्यापीठाने त्या महिन्याची नोंद केली का? केली असेल तर चेकरने मंजूर केली का? दोन्ही झालं असेल तर बँकेच्या शाखेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे का बघा. बऱ्याचदा खातं वापरात नसल्यामुळे गोठलेलं असतं.

तिथेही सुटलं नाही तर लेखी अर्ज, त्यानंतर स्मरणपत्र. यूजीसीच्या फेलोशिपसाठी ई-समाधान पोर्टलवर तक्रार करा. राज्याच्या संस्थांसाठी आपले सरकार पोर्टल आहे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात तक्रार लिहू नका, नेमकी माहिती मागा: "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्यावी." एवढ्या दोन ओळींनी फाईल हलते.

एकट्याने भांडण्यापेक्षा एकाच अडचणीतले सगळे मिळून एक निवेदन द्या. मराठवाड्यात विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन मागण्या मान्य करून घेतल्याचा इतिहास मोठा आहे. १४ जानेवारी १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. निवेदनात फक्त तारखा आणि क्रमांक असावेत, कुणाच्या नावाने शिमगा नको.

९. सुरू झाल्यानंतर

पहिली रक्कम बहुधा थकबाकीसह एकदम येते. ती मोजणीच्या तारखेशी ताडून बघा. महिने बरोबर आहेत का, घरभाडे धरलंय का, दर वायचा लागला की झेडचा? कमी आली असेल तर त्याच महिन्यात अर्ज द्या. वर्षानंतर कुणी ऐकत नाही.

आकस्मिक खर्चाची बिलं आपल्या नावाची आणि त्याच आर्थिक वर्षाची ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तकं घेतली तर पक्कं बिल मागा, साध्या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत.

सहामाही अहवाल सल्लागार समितीपुढे वेळेवर मांडा. बाळंतपणाची रजा लागणार असेल तर २४० दिवसांपर्यंतची तरतूद आहे. अर्ज आधी द्या आणि मंजुरीचं पत्र फेलोशिपच्या फाईलला लावा, नाहीतर तेवढे महिने 'गैरहजर' म्हणून नोंदले जातात.

दोन वर्षं पूर्ण व्हायच्या तीन महिने आधी एसआरएफच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शकांकडे विषय काढा. समितीत तीन सदस्य असतात, बाहेरच्या तज्ज्ञांची वेळ मिळवावी लागते, आणि समितीचा अहवाल पोर्टलवर चढेपर्यंत तुमचे ३७,००० चे ४२,००० होत नाहीत.